गेटवेनं पैसे अडवलेत आणि झिरो पेमेंट तोंडावर आलंय : एफडी मोडू की सोनं गहाण ठेवू?

तासगावच्या एका दादांचा मेसेज आलाय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. बेदाणा आणि राजापुरी हळदीची पावडर, स्वतःची वेबसाइट आणि इन्स्टावरनं विकतात, महिन्याला साठ-सत्तर हजारांचा धंदा. गणपतीनंतर एक रील चालली आणि पंधरवड्यात ३ लाख ४२ हजारांच्या ऑर्डरी पडल्या. घरात पेढे वाटायची वेळ, आणि पेमेंट गेटवेचा, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन दुकानदाराला देणाऱ्या कंपनीचा, मेल आला की अकाउंट रिव्ह्यूमध्ये घेतलंय, सेटलमेंट (खात्यात पैसे जमा करणं) थांबवलंय. कारण काय, तर काही नाही. फोन लागत नाही, चॅटवर बॉट तेच तेच वाक्य टाकतोय. इकडं अडत्याचे, म्हणजे ज्याच्याकडनं माल उधारीवर उचलला त्याचे, २ लाख १० हजार द्यायचेत आणि दिवाळीआधी बेदाणा मार्केटचं झिरो पेमेंट, सगळी बाकी शून्यावर आणायची, म्हणजे तिथं पुढची तारीख मागायची सोय नाही.

त्यांचे प्रश्न तीन. को-ऑपरेटिव्ह बँकेतली ४ लाखांची एफडी मोडू का? की घरातलं सोनं गहाण ठेवून ५ लाख काढू, अडत्याचं भागवू आणि उरलेल्यात दिवाळीचा माल भरू? आणि तोवर बायकोच्या नावानं दुसरं गेटवे अकाउंट काढू का?

दादा, आधी शेवटचं. काढू नका. वहिनींच्या नावानं अकाउंट काढलं तरी वेबसाइट तीच, पत्ता तोच, मोबाइल घरातलाच, गेटवेवाल्यांच्या सिस्टीमला हे जुळवायला वेळ लागत नाही, आणि जुळलं की आज जे 'रिव्ह्यू' आहे ते उद्या 'फसवायचा प्रयत्न' होतं. शिवाय धंद्याचे पैसे वहिनींच्या पॅनवर दिसणार आणि बिलं दुसऱ्याच्या जीएसटीवर फाटणार. २०२५ च्या जुलैत बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना नुसत्या यूपीआयच्या आकड्यांवरनं जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा कोण बघतंय असं धरून चालू नका.

आता तुम्ही मेसेजमध्ये सहज जाता जाता जे लिहिलंय तिथं मी अडकलो. गेटवे अकाउंट तुमच्या वैयक्तिक पॅनवर, पैसे तुमच्या सेव्हिंगला, पण वेबसाइटवर आणि बिलावर जीएसटी नंबर वडिलांच्या फर्मचा. आणि सुरुवातीला कॅटेगरी टाकलेली 'हँडिक्राफ्ट आणि गिफ्ट', कारण तेव्हा गिफ्ट बॉक्सच विकत होता. आता गेटवेच्या बाजूनं बघा. सत्तर हजारांचा माणूस एकदम साडेतीन लाखांवर गेला, नाव एक, जीएसटी दुसऱ्याचा, विकायला गिफ्ट लिहिलंय आणि जातंय खायचं सामान. माल पोचला नाही म्हणून गिऱ्हाइकानं कार्डाच्या बँकेकडं चार्जबॅक (पैसे परत मागायचा दावा) टाकला आणि तुम्ही गायब झालेले असलात तर ते पैसे गेटवेच्या खिशातनं जातात. म्हणून ते आधी पैसे धरून ठेवतात आणि मग विचार करतात. मला हे पटतं. न पटणारी गोष्ट ही की एक साधी ओळ लिहून कळवत नाहीत. कधीकधी कायद्याचंही कारण असतं म्हणा, संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट वर पाठवला असेल तर ते गिऱ्हाइकाला सांगायचीच मनाई आहे. तुमचं तसं झालंय असं मी म्हणत नाही, तुमची केस मला सरळसरळ कागद न जुळल्याची वाटतेय.

पैसे बुडाले का? तसं वाटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे पेमेंट ॲग्रिगेटरला, म्हणजे या गेटवेवाल्यांना, व्यापाऱ्यांचे पैसे बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, कंपनीच्या खर्चात मिसळता येत नाहीत. तुमची कंपनी परवानाधारकांच्या यादीत आहे का ते रिझर्व्ह बँकेच्या साइटवर एकदा बघून घ्या. पण बुडाले नाहीत म्हणजे लवकर येतील असं नाही. कार्डाच्या व्यवहारावर वाद घालायची मुदत साधारण १२० दिवसांपर्यंत जाते, म्हणून बऱ्याच गेटवेंच्या करारात १२० ते १८० दिवस पैसे रोखायचा हक्क लिहिलेला असतो, आपण तो 'आय ॲग्री' करून दिलेला असतो. म्हणून माझा हिशोब असा, हे ३ लाख ४२ हजार पुढचे सहा महिने नाहीतच असं समजून बसा. आठवड्यात आले तर चांगलंच आहे, पण 'येतीलच की' या भरवशावर एक रुपयाचं कर्ज काढायचं नाही.

मग अडत्याचं काय? ते द्यायचं. तिथं पत गेली तर पुढच्या सौद्याला उधारीवर माल कोण देणार, गेटवे दहा मिळतील पण अडत्या नाही. पण त्यासाठी एफडी मोडू नका, एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच रक्कम उचलायची. आकडे मांडतो. तुमची एफडी ७ टक्क्यांची, ७ महिने झालेत, ५ राहिलेत. मोडली तर बँक झालेल्या महिन्यांचा कमी दर लावणार, वर टक्काभर दंड, म्हणजे ५ टक्के हातात पडले असं धरलं तर मागच्या व्याजातले साडेचार हजारांवर गेले, आणि पुढच्या ५ महिन्यांचे ११ हजार ६०० पण गेले, उरलेले पावणेदोन-दोन लाख सेव्हिंगला पडून थोडंफार व्याज देतील ते वजा केलं तरी एकूण फटका चौदा हजारांच्या आसपास. ओव्हरड्राफ्ट बहुतेक एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्तीनं मिळतो, ९ टक्के धरा. २ लाख १० हजारांवर पूर्ण ५ महिन्यांचं व्याज ७ हजार ८७५. आणि गेटवेनं महिन्यात सोडले तर फक्त पंधराशे-सोळाशे, कारण वापरलं तेवढ्याच दिवसांचं व्याज लागतं. बँकेत जाऊन दर आणि प्रोसेसिंग फी विचारून घ्या, माझे आकडे इकडंतिकडं होतील पण निकाल बदलणार नाही. बँका साधारण एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत लिमिट देतात, म्हणजे अडत्याचं देऊन वर लाख-दीड लाख मोकळे राहतात. ते माल भरायला वापरायचे नाहीत. ते घरखर्चाला आणि जीएसटीला.

हो, जीएसटी. हे बहुतेक जण विसरतात. माल गेला, बिल फाटलं की टॅक्स लागू, पैसे तुमच्या खात्यात आले की गेटवेत अडकले याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. तुमचा २ लाख ६० हजारांचा माल पोचलाय असं तुम्ही म्हणता, ५ टक्के आतलेच धरले तरी १२ हजारांवर होतात, त्यातनं इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी) वजा होईल. महिन्याचं रिटर्न असेल तर २० तारीख, तिमाहीवालं असेल तर महाराष्ट्राला २२. उशीर झाला की १८ टक्क्यांनी व्याज.

राहिलेले ८२ हजार, ज्यांचा माल अजून तुमच्या खोलीत पडलाय, ती खरी नाजूक जागा आहे. भीतीनं सगळं कुरिअरला देऊन टाकलं तर मालही गेला आणि पैसेही अडकलेत. न पाठवता गप्प बसलात तर चार्जबॅक येणार आणि गेटवेला जे वाटत होतं तेच तुम्ही खरं करून दाखवणार. मी असतो तर त्या प्रत्येकाला आज मेसेज टाकला असता की पेमेंटची अडचण आलीय, थांबणार का रिफंड हवा. ज्याला रिफंड हवा त्याला गेटवेच्या डॅशबोर्डमधनंच रिफंड टाका, होल्डमध्येही बऱ्याचदा तेवढं चालू असतं, नसेल तर मेल करून त्यांना करायला लावा. स्वतःच्या फोनवरनं यूपीआयनं पैसे परत करू नका. माणुसकी म्हणून लोक करतात आणि तोच गिऱ्हाइक नंतर बँकेकडं वाद टाकतो, दोनदा पैसे जातात. जे थांबायला तयार आहेत त्यांचा माल पाठवा आणि डिलिव्हरीचा पुरावा जपून ठेवा.

सोन्याचं सांगतो. ५ लाख, १४ टक्के, सहा महिने म्हणजे ३५ हजार व्याज. व्याज परवडेल पण, तो भरलेला दिवाळीचा माल विकून पैसे येणार कुठल्या वाटेनं? गेटवे तर बंद. सगळं सीओडी (माल हातात पडल्यावर पैसे) केलं तर कुरिअर कंपनी पैसे देणार आठ-दहा दिवसांनी आणि परत आलेली पार्सलं वेगळी, तुमच्याच सांगण्याप्रमाणे सीओडीत पाचातलं एक परत येतं. बेदाण्याचा बॉक्स दोनदा फिरून आला की तो गिफ्ट म्हणून जात नाही. त्यामुळं यंदाची दिवाळी हातातल्या मालावर करा. आणखी माल उचलायचा तो फक्त ॲडव्हान्स मिळालेल्या ऑर्डरीपुरता. कुपवाड एमआयडीसीतल्या कंपन्या, मिरजेतले दवाखाने, सांगलीतले सीए आणि वकील, सगळे दिवाळीला बॉक्स वाटतात. पन्नास-शंभर बॉक्सची ऑर्डर, निम्मे पैसे आधी, फर्मच्या करंट अकाउंटला एनईएफटीनं. रीलएवढी मजा नाही यात, पण पैसे त्याच दिवशी दिसतात.

गेटवेशी भांडण कागदावर करा. एकच मेल, त्यात कॅटेगरी चुकली होती ते स्वतःहून लिहा, जीएसटी वडिलांच्या फर्मचा का ते लिहा, सोबत बिलं, कुरिअरचे ट्रॅकिंग नंबर, डिलिव्हरी झाल्याची यादी आणि अडत्याची पट्टी (खरेदीच्या हिशोबाचा कागद), म्हणजे माल खरंच विकत घेतला होता हे दिसतं. ग्रिव्हन्सचा, म्हणजे तक्रारी बघणारा, नोडल ऑफिसर त्यांना वेबसाइटवर द्यावाच लागतो, त्याला कॉपी टाका. ३० दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा, फी नाही, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. ट्विटरवर शिव्या घातल्यानं काहींचं काम झालंय असं ऐकतो, पण तुमचे कागदच न जुळणारे असताना मी ते आधी करणार नाही.

दुसरा गेटवे काढायचाच, पण वडिलांच्या फर्मच्या नावानं, फर्मच्या करंट अकाउंटला, कॅटेगरी खाद्यपदार्थ, एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर टाकून, आणि वेबसाइटच्या खाली फर्मचं नाव, पत्ता, रिफंड पॉलिसी लिहून. आधीच्या अकाउंटबद्दल विचारलं तर खरं सांगा. आणि इथनं पुढं मोठी रील किंवा सेल येणार असेल तर गेटवेला आधी मेल टाकून ठेवा की पुढच्या आठवड्यात व्हॉल्यूम वाढेल, ही बिलं बघा.

ओव्हरड्राफ्टला जाताना एफडीची पावती वडिलांसोबत जॉइंट आहे का ते बघून जा, असेल तर सहीला त्यांनाही न्यावं लागेल. आणि ती एफडी को-ऑपरेटिव्ह बँकेतच आहे ना, पतसंस्थेत नाही ना? आपल्याकडं लोक दोन्हीला बँकच म्हणतात. बँकेत ५ लाखांपर्यंत डिपॉझिट विमा आहे, पतसंस्थेला तो नाही. पतसंस्थेत असेल तर मला परत लिहा, मग मोडायचं गणित मी वेगळं मांडेन.