एखादा हौशी रग्बी क्लब चार-पाच वर्षांत बंद पडला, तर त्याचा इतिहास लिहिण्यात अर्थ असतो का?

नक्कीच असतो. तुम्ही विचारलंय, ‘आमचा क्लब फार टिकला नाही, आता लिहायचं काय?’ मी मुंबईतला रग्बीवेडा माणूस, पण उत्तरासाठी तुम्हाला कलकत्त्याला नेतो.

१८७२ च्या नाताळच्या दिवशी तिथल्या इंग्रज मंडळींनी सामना ठरवला. एका बाजूला इंग्लंडचे वीस जण, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. खेळ इतका रंगला की आठवड्याभरात पुन्हा भरवावा लागला. त्यातून १८७३ च्या सुरुवातीला कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. तेव्हा रग्बीलाही फुटबॉलच म्हणत. १८७४ मध्ये क्लब इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सभासदही झाला.

पुढे उतरती कळा लागली. हवा या खेळाला मानवेना, भरपूर खेळाडू देणारी ‘बफ्स’ पलटण शहरातून हलली आणि उरलेले लोक टेनिस-पोलोकडे वळले. सभासदांना फुकट मिळणारी दारू बंद झाल्यावर गर्दी ओसरली, असंही सांगतात. १८७७ च्या अखेरीस क्लब मोडायचं ठरलं, तेव्हा बँकेत थोडी शिल्लक होती.

मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग इथे वाटतो. ते पैसे वाटून घेता आले असते, एका मेजवानीत उडवता आले असते. पण जेम्स रॉथनी यांनी लंडनच्या युनियनला पत्र लिहून चषक देऊ केला. कर्णधार, सचिव आणि खजिनदार, तिन्ही कामं तेच पाहत. क्लबने शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली आणि ते २७० रुपये वितळवले. तेव्हाचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे तीन किलोंहून थोडी जास्त चांदी. त्यातून इथल्याच कारागिरांनी नागाच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला चषक घडवला.

त्यासाठी क्लबा-क्लबांत स्पर्धा व्हावी, ही कलकत्त्याची इच्छा. युनियनला ते पटलं नाही; अशा चुरशीतून खेळात पैसा शिरेल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून तो इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला दिला गेला. पहिला सामना १८७९ मध्ये एडिंबराला झाला आणि बरोबरीत सुटला. हे दोन देश आजही दरवर्षी ‘कलकत्ता कप’साठीच भिडतात.

कलकत्त्यात रग्बी १८८४ मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि १९६५ मध्ये हा क्लब तिथल्या क्रिकेट क्लबात विलीन झाला. आपल्याकडे मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ जपला, त्याची हकीकत वेगळी लिहावी लागेल.

तुमच्या क्लबाचं लिहायला घ्याल, तेव्हा ढाली-पदकांच्या आधी सचिव आणि खजिनदारांना गाठा. वर्गणीची वही, मैदानाच्या भाड्याच्या पावत्या, सभांची इतिवृत्तं, संघांच्या याद्या मागून घ्या. रॉथनींचा पत्रव्यवहार जपला गेला, म्हणूनच क्लबाच्या अखेरच्या दिवसांबद्दल आपल्याला एवढं सांगता येतं. आणि शेवटची शिल्लक कुठे गेली, हे जरूर विचारा.