जुन्या पद्मिनीत मारुती ईकोचं इंजिन बसवलंय, पेट्रोल पंप टाकीच्या आत बसवावा की बाहेर?

आत बसवा. तुमचा गॅरेजवाला म्हणतोय तसा बाहेर इनलाइन पंप, म्हणजे नळीच्या मधे जोडायचा पंप, टांगला तरी गाडी सुरू होईल, डिसेंबरात छान चालेलही. पण मे महिन्यात दुपारी सिग्नलला उभी राहिली की तीच गाडी रडवेल.

कारण असं. पद्मिनीच्या मूळ इंजिनावरचा यांत्रिक पंप कार्ब्युरेटरला जेमतेम पाव बार दाबाने पेट्रोल देतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). ईकोच्या (२०२२ पर्यंतच्या) ११९६ सीसी इंजिनाच्या इंजेक्टरना, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांना, ३ बारच्या आसपास दाब लागतो. हा दाब देणारे विजेवरचे पंप पेट्रोल ढकलण्यात तरबेज आणि ओढण्यात कच्चे असतात. बाहेर लावलेल्या पंपाला टाकीतून ओढावं लागतं, त्याच्या तोंडाशी दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं. पेट्रोलमधले हलके घटक तसेही ३५-४० अंशांना वाफ व्हायला लागतात. पंपात वाफ शिरली की तो नुसता फिरत राहतो, पुढे काही जात नाही. टाकीत बुडलेल्या पंपाला ओढावं लागतच नाही, शिवाय भोवतीचं पेट्रोल त्याला थंड ठेवतं आणि आवाजही कमी येतो.

'पेट्रोलमध्ये मोटर, ठिणगी पडली तर?' ही तुमची भीती रास्त आहे. पण पेट्रोलची वाफ पेटायला हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असावं लागतं. पंपाच्या ब्रशभोवती द्रव पेट्रोलच असतं, हवा नसते. वरच्या रिकाम्या जागेतली वाफ एरवी त्या मर्यादेच्या बरीच वर असते. म्हणून जगभर गाड्यांच्या टाकीत पंप सुखाने चालतात. धोका आहे तो टाकी रिकामी करून तिच्यावर काम करताना. त्याबद्दल पुढे लिहितो.

पंप केवढा घ्यावा? ताशी २५५ लिटरचा घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. तुमचं इंजिन ७३ पीएसचं, म्हणजे सुमारे ५४ किलोवॅट. एका किलोवॅटला तासाला ३०० ग्रॅम पेट्रोल धरलं तर पूर्ण ताकदीला १६ किलो, म्हणजे २२ लिटर लागतात. ईकोचा कंपनीचा पंप याला पुरून उरतो. मोठा पंप करंट जास्त खातो आणि नको असलेलं पेट्रोल गोल गोल फिरवून तापवत बसतो.

आता खरं काम. लोक पंप निवडण्यात महिना घालवतात आणि टाकीतली नळी कोपऱ्यावरच्या दुकानातून उचलतात. एक गाडी माझ्याकडे आली होती, चढावर दम तोडायची. पंप नवा, फिल्टर नवा, रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपवर, दाब दोन बारच्याही खाली. टाकी उघडली तर आतली वीतभर नळी फुगून लिबलिबीत झालेली, क्लिपपाशी लांब चीर, आणि पंप अर्धं पेट्रोल तिथूनच टाकीत परत सोडत होता. नळीवर 'फ्युएल इंजेक्शन' असं ठळक छापलेलं होतं. ती नळी खोटी नव्हती, पण तिचं पेट्रोलला टिकणारं अस्तर फक्त आतून असतं. बाहेरचं रबर ऊन-पाणी सोसायला बनवलेलं, पेट्रोलमध्ये बुडून राहायला नाही. नळ्यांच्या एसएई जे३० या मानकातली आर९ टाकीच्या बाहेर चालते, टाकीच्या आत आर१० लागते. ती महाग आहे, पण तुम्हाला वीतभरच हवी. नाही मिळाली तर कंपनीच्या मॉड्यूलमध्ये (टाकीत बसणाऱ्या पंपाच्या तयार संचात) येते तशी नायलॉनची कोरुगेटेड, म्हणजे वळ्यावळ्यांची, नळी घ्या. क्लिपही गुळगुळीत कडेची, इंजेक्शनसाठीची. खाचा असलेली साधी क्लिप नळीला कापते. आता पेट्रोल भरायच्या पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल जुन्या रबराला आणखी लवकर खातं, त्यामुळे इथे काटकसर नकोच.

वायरचंही तसंच. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण पेट्रोलमध्ये आधी फुगतं, मग कडक होऊन तडकतं. आत टेफ्लॉन आवरणाची वायर, आणि झाकणातून बाहेर काढताना त्यासाठीचा सीलबंद कनेक्टर. भोक पाडून वायर ओवायची आणि वर एमसील थापायचं, हे कृपा करून करू देऊ नका. झाकणाचं पॅकिंग व्हायटनचं, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं, घ्या. साधं सिलिकॉन पेट्रोलला टिकत नाही, दोन-तीन महिन्यांत सोलून निघतं आणि त्याच्या चिंध्या जाळीत अडकतात.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ईकोचंच पूर्ण मॉड्यूल घेणं. पंप, जाळी, दाबाचा रेग्युलेटर आणि पेट्रोलचा काटा हलवणारा फ्लोट एकत्र येतो. रेग्युलेटर आतच असला की परतीची वेगळी नळी ओढावी लागत नाही. अडचण एकच, उंची. मॉड्यूलला स्प्रिंग असते, ते तळाला टेकून राहतं, पण स्प्रिंगलाही मर्यादा आहे. टाकी जास्त उथळ असेल तर नुसता पंप घेऊन स्टेनलेस पट्टीचा हँगर करून घ्यावा लागेल. तसं केलंत तर पंपाभोवती लिटरभराची वाटी हवीच, तळाशी बारीक छिद्र असलेली, आणि परतीचं पेट्रोल त्या वाटीतच पडलं पाहिजे. नाहीतर टाकी पावभर असताना खंबाटकीच्या वळणांवर पेट्रोल एका बाजूला जाईल आणि पंप हवा ओढेल. कोरडा चालला की पंपाचं आयुष्य झपाट्याने संपतं.

टाकीला मॉड्यूलची रिंग वेल्ड करावी लागेल. हे काम टाक्यांचंच काम करणाऱ्या माणसाकडे द्या आणि स्वतः उभं राहून बघा. पेट्रोल काढलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आता आत हवा शिरून वाफ बरोबर पेटण्याच्या प्रमाणात येते. सांध्यांत मुरलेलं पेट्रोल आठवड्यानंतरही वाफ सोडतं. साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवून, कापण्याच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून, उरलेल्या जागेत आरगॉन हा न पेटणारा वायू सोडूनच टॉर्च लावायचा. 'उन्हात वाळवली आहे साहेब' एवढ्यावर जो टॉर्च पेटवतो, त्याच्याकडून टाकी उचलून घरी या. आतला गंजही याच वेळी काढून टाका, इथेनॉल तो सुटा करून जाळीत आणून बसवतं.

टाकीपासून पुढची जुनी लोखंडी पाइप आणि कार्ब्युरेटरच्या काळातल्या रबरी नळ्या पूर्ण बदला. त्या ३ बारसाठी नाहीत.

वायरिंगवाला पंपाची वायर इग्निशनला जोडू म्हणेल. नाही म्हणा. अपघातात इंजिन बंद पडलं तरी चावी ऑनच असते, आणि तुटलेल्या नळीतून पंप पेट्रोल फवारत राहतो. पंपाचा रिले (विजेचा स्विच) ईकोच्या ईसीयूवरच, म्हणजे इंजिनाच्या संगणकावरच, चालवा. तो चावी फिरवल्यावर एक-दोन सेकंद पंप चालवतो आणि पुढे इंजिन फिरत असेल तरच चालू ठेवतो. सोबत फ्यूज आणि धक्का बसल्यावर तोडणारा इनर्शिया स्विच. अर्थिंग थेट बॉडीला, जाड वायरने.

टाकी गाडीत चढवण्याआधी सगळी तोंडं बंद करून एक-दोन पीएसआय हवा भरा, त्याहून जास्त नको, आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघा. गाडीत बसवल्यावर रेलवर गेज लावा. पंप बंद केल्यानंतर पाच मिनिटांत काटा थोडा उतरला तर चालेल, धाडकन पडला तर वन-वे व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा कुठलातरी जोड गळतोय. इंजिन चालू असताना थेट पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर १२ दिसलं तर वायर बारीक आहे, पंपाला दोष देऊ नका.

इंजिन बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची मंजुरी लागते आणि आरसीवर नोंद करावी लागते. ती झाली नसेल तर टाकी कापण्याआधी ते बघा, कारण विम्याचा दावा तिथेच अडतो.

टाकीची आतली खोली, जिथे भोक पाडणार त्याच जागी, मिलिमीटरमध्ये मोजून इथे लिहा. ईकोचं मॉड्यूल तसंच बसेल की हँगर करावा लागेल, ते त्यावरून सांगता येईल.