ऑपरेशननंतर काटा अडला? आधी तारीख बघा

वाचकांचे प्रश्न : बेरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याच्या) शस्त्रक्रियेनंतरचं वजन

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट एकच आहे : "माझं ऑपरेशन फेल गेलं का?" त्यावर आमचा उलटा प्रश्न असतो, ऑपरेशनला किती दिवस झाले? तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या महिन्यात आणि तिसऱ्या वर्षी वजन अडतं त्याची कारणं वेगवेगळी असतात. तिसऱ्या आठवड्यातलं तर दुखणंच नव्हे. पत्रांत दोन ऑपरेशनं येतात : स्लीव्ह, म्हणजे जठराचा बराचसा भाग काढून अरुंद नळी ठेवणं, आणि बायपास (हृदयाचं नव्हे), म्हणजे जठराचा छोटा कप्पा, 'पाउच', करून तो पुढच्या आतड्याला जोडणं.

प्रश्न : स्लीव्हचं ऑपरेशन होऊन २२ दिवस झाले. पहिल्या दोन आठवड्यांत साडेसहा किलो गेले. गेले नऊ दिवस काटा जागचा हलत नाही, उलट कालपासून ४०० ग्रॅम वाढलेच आहेत. पोटात जातंय काय, तर दिवसाला जेमतेम ६००-७०० कॅलरी! आणखी कमी करू का? (एक वाचक, सांगली)

अजिबात नको. पहिल्या साडेसहा किलोंमध्ये चरबी किती होती, हे आधी बघू. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम तुटलं की हा साठा आधी वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. त्यातच दोनेक किलो गेले. पातळ आहारावरून तुम्ही मऊ आहारावर आलात की साठा थोडा भरतो आणि पाणी परत धरलं जातं. त्यात बद्धकोष्ठ असेल (या काळात असतंच), तर काटा वर सरकायलाही हरकत नाही.

चरबीचा हिशेब वेगळा आहे. तुमचं शरीर रोज १८०० कॅलरी खर्च करतं असं धरलं, तरी रोजची तूट ११०० च्या आसपास येते. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. म्हणजे काटा हलला नाही त्या आठवड्यातही किलोभर चरबी गेली. तेवढंच पाणी आल्यामुळे ती दिसली नाही. हे एक ते तीन आठवडे चालतं आणि मग एखाद्या सकाळी दीड किलो एकदम कमी दिसतात.

तोवर दीड लिटर पाणी घोट-घोट करून दिवसभरात संपवा, डाएटिशियनने दिलेलं प्रोटीन पूर्ण घ्या, घरातल्या घरात का होईना चाला. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. बेंबीच्या पातळीवर टेप लावून मापही लिहून ठेवा.

वाट बघायची नाही ती या गोष्टींत : पाणीही पोटात न टिकणं, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारी कळ, विश्रांतीतही १२० च्या वर नाडी, एका पोटरीला सूज, धाप लागणं. यांतलं एकही असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. उलट्या दोन-तीन दिवस चालू राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व घटतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो. अशा वेळी ते द्यायच्या आधी ग्लुकोजचं सलाईन लावू नये, म्हणून स्लीव्ह झाल्याचं कुठल्याही दवाखान्यात आधी सांगा.

प्रश्न : स्लीव्हला सहा महिने झाले. ११२ वरून ८६ किलोवर आले आणि सहा आठवडे तिथेच आहे. चार घास खाते, तरीही! दिवसभराचं खाणं लिहून पाठवत आहे. अंडी चालतात, मांस-मासे नाहीत. (एक भगिनी, चिंचवड)

खाणं लिहून पाठवलंत हे उत्तम केलंत. सकाळी चहा आणि दोन खारी. नाश्त्याला अर्धी वाटी पोहे. अकराला ताक. दुपारी अर्धी पोळी, भाजी, अर्धी वाटी वरण. चारला चहा आणि मूठभर चिवडा. रात्री अर्धी वाटी मुगाची मऊ खिचडी, झोपताना कपभर दूध. प्रमाण खरंच थोडं आहे आणि तुमची चिकाटी दिसते. पण याची बेरीज केली तर प्रोटीन २५ ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि तुम्हाला निदान ६० लागतं. दुसरीकडे दोन साखरेचे चहा, दोन खारी आणि तो चिवडा मिळून ५०० च्या घरात कॅलरी होतात, दिवसाच्या निम्म्याला टेकतील इतक्या.

चहात बुडवलेली खारी विरघळते आणि पोटातून घसरून जाते, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव होत नाही. चिवडा, शेव, बिस्किटं, टोस्ट, आइस्क्रीम यांचं असंच. तेच ५० ग्रॅम पनीर खाऊन बघा, पोट लगेच 'बस' म्हणतं. ऑपरेशनने पोट लहान केलं आहे. त्यात थांबेल असं अन्न टाकलं तरच त्याचा उपयोग.

वरणाबद्दलही थोडं. आपल्याकडे वरण ढवळून, पातळ करून वाढायची पद्धत आहे. त्या अर्ध्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती? वाटी दहा मिनिटं तशीच ठेवा आणि बघा : खाली बोटभर डाळ, वर पिवळं पाणी. तुमच्यासाठी खालची डाळ घ्यायची. पातळ वरण घरातल्या बाकीच्यांना.

तोच दिवस असा लावा : सकाळी बिनसाखरेचा चहा, नुसता. नाश्त्याला दोन अंडी (१२ ग्रॅम). अकराला व्हे पावडरचा (दुधातल्या प्रोटीनची पावडर) एक स्कूप पाण्यात (२३ च्या आसपास, डब्यावर बघा). दुपारी ५० ग्रॅम पनीरची भुर्जी (९), मग भाजी, आणि जागा उरली तरच पाव पोळी. चारला २५ ग्रॅम फुटाणे, नीट चावून (५). रात्री अर्धी वाटी घट्ट मुगाची उसळ (४) आणि अर्धी वाटी चक्का, साखर न घालता (७). साठ झाले. जेवणाबरोबर पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.

दुसरं कारण साधं आहे. ११२ किलोंचं शरीर जिना चढताना जेवढं जाळायचं, त्यापेक्षा ८६ किलोंचं जवळजवळ पाव हिश्श्याने कमी जाळतं. शिवाय प्रोटीन कमी पडल्याने चरबीबरोबर स्नायूही गेले असणार. नुसतं चालून ते परत येत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, अशा तीन फेऱ्या. लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन खांद्यापर्यंत उचलणं. नंतर रबरी बँड. महिनाभर हे करून ना काटा हलला ना टेप, तर मग तपासण्यांचं बघू.

प्रश्न : यूट्यूबवर पाच दिवसांचं 'पाउच रीसेट' सांगतात. फक्त पातळ घेतलं की पोट परत लहान होतं का? (एक वाचक, नागपूर)

होत नाही. पाच दिवस सूप पिऊन पोटाचा आकार बदलत नाही. दीड-दोन किलो उतरतात, ते वर सांगितलेलं पाणी. सहाव्या दिवशी पोळी खाल्ली की परत येतात. अरबट-चरबट खाण्याची सवय त्या पाच दिवसांत तुटत असेल तर तेवढाच फायदा, पण त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही.

प्रश्न : बायपासला अडीच वर्षं झाली. ७४ किलोंपर्यंत उतरलो होतो, आता ८१. थायरॉइडची गोळी चालू आहे. सर्जरी पुन्हा करावी लागेल का? (एक वाचक, ठाणे)

वजन साधारणपणे पहिल्या एक ते दोन वर्षांत सर्वांत खाली जातं आणि मग थोडं वर येऊन स्थिरावतं. ७४ हा तळ होता. त्याला मुक्कामाचं ठिकाण समजलात म्हणून सात किलो फार वाटतात. तरी दुर्लक्ष नको. दुसऱ्या सर्जरीचा विचार शेवटी. आधी हे क्रमाने बघा.

पहिलं, थायरॉइडची गोळी. ती उपाशीपोटी घेऊन लगेच कॅल्शियम किंवा लोह घेत असाल तर ती नीट शोषली जात नाही. थायरॉइड आणि या गोळ्यांमध्ये चार तास, कॅल्शियम आणि लोहामध्ये दोन तास अंतर ठेवा. बायपासनंतर कॅल्शियम सायट्रेटच घ्यावं, कारण त्याला पचायला आम्ल लागत नाही. टीएसएच (थायरॉइड), एचबीए-१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व, फेरिटिन (लोहाचा साठा) या रक्ततपासण्या करून घ्या.

दुसरं, जेवणानंतर एक ते तीन तासांनी घाम, थरथर, कासावीस होतं का? होत असेल तर ती गोडानंतर खाली घसरलेली साखर असू शकते. त्यावर माणूस पुन्हा गोड खातो आणि चक्र सुरू होतं. ग्लुकोमीटरवर त्याच वेळी साखर मोजून लिहून ठेवा.

तिसरं, औषधं. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीचं प्रीगॅबलिन यांनी वजन वाढतं. स्वतःहून बंद करू नका, यादी डॉक्टरांना दाखवा.

चौथं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो : शनिवारची बैठक? ६० मिली व्हिस्कीत सुमारे १३० कॅलरी असतात, बायपासनंतर ती पटकन चढते, आणि बशीतलं फरसाण वेगळंच.

हे सगळं ठीक निघालं तर एंडोस्कोपी किंवा बेरियमचा एक्स-रे करून पाउच आणि त्याचा आतड्याशी असलेला जोड रुंदावला आहे का ते कळेल. भूक कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही आता अशा वेळी वापरतात. पण ती सर्जन आणि मधुमेहतज्ज्ञांच्या सल्ल्याने, मित्राने सुचवली म्हणून मेडिकलमधून आणून नव्हेत.

प्रश्न : नवरात्राचे नऊ उपवास करू का? स्लीव्हला आठ महिने झालेत. (एक भगिनी, कोल्हापूर)

पहिल्या वर्षी न केलेले बरे. करायचेच असतील तर साबुदाणा बाजूला ठेवा; तो जवळजवळ सगळा स्टार्च, आणि चिकट असल्याने अडकतोही. दूध, चक्का, पनीर, थोडा राजगिरा यांवर भागवा. व्हे दुधाचंच असतं, तेही चालावं. निर्जळी मात्र नाही.

प्रश्न : घरचा काटा आणि दवाखान्यातला काटा यांत दोन किलोंचा फरक येतो. खरा कुठला? (एक वाचक, पणजी)

एकच धरा आणि त्याच्याशीच तुलना करा. घरचा काटा बाथरूमच्या उताराच्या फरशीवर किंवा चटईवर असेल तर तो चुकणारच. सपाट, कडक जागी ठेवा आणि चारही पाय टेकलेत का बघा. मग आधी एकटे उभे राहा, नंतर पाच किलोंची न फोडलेली आट्याची पिशवी हातात घेऊन. फरक पाच किलो आला तर काटा विश्वासू. साडेचार किंवा साडेपाच आला, तर आधी सेल बदलून बघा.