कंबरदुखीसाठी योगशिक्षक निवडताना काय बघावं?

तुम्ही विचारलंय, लातुरात कंबरेसाठी योगाचा क्लास लावायचाय, फ्लेक्सवर सगळेच 'प्रमाणित', मग खरा जाणकार ओळखायचा कसा?

माझी कंबर धरली ती २०१६च्या उन्हाळ्यात. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं ते वर्ष. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. टँकर आला की घागरी जिन्यानं वर न्यायच्या. पावसाळा लागला तरी दुखणं जाईना, म्हणून घराजवळचा एक वर्ग लावला. तिथल्या सरांनी काय होतंय म्हणून विचारलंसुद्धा नाही. पाय पसरून पुढं वाकायच्या पश्चिमोत्तानासनात माझं डोकं गुडघ्याला टेकेना, तर त्यांनी मागून दोन्ही हातांनी पाठ दाबली. उजव्या पोटरीपर्यंत अशी कळ गेली की तीन आठवडे घरात पडून होते. प्रमाणपत्र त्यांच्याही भिंतीवर होतं.

म्हणून प्रमाणपत्र मागाच, पण ते नीट वाचा. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या पायऱ्या असतात. प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर म्हणजे २०० तासांचा अभ्यासक्रम, वेलनेस इन्स्ट्रक्टर ४००, त्यावरचा शिक्षक ८००. दुखण्यासाठी योग थेरपिस्टची पायरी वेगळीच आहे. २०० तासवाला निरोगी माणसांचा सकाळचा वर्ग छान घेईल, पण दुखरी कंबर त्याच्या हाती देऊ नका. 'योगा अलायन्स' ही अमेरिकेतली नोंदणी आहे, तिला सरकारी परीक्षा समजू नका.

पुढं एक बाई भेटल्या. पहिल्या दिवशी एकही आसन नाही. डॉक्टरांचे कागद बघितले आणि भरलेली बादली समोर ठेवून म्हणाल्या, "रोज उचलता तशी उचला." मी वाकले, गुडघे ताठ. "ताई, श्वास कोंडलाय तुमचा," त्या म्हणाल्या. मग बादली पायांशी ओढायची, गुडघे वाकवायचे, श्वास सोडत उठायचं, हे दहा वेळा करून घेतलं. खाली बसताना माझ्या बुडाखाली सोलापुरी चादर चौघडी करून घातली, तर पाठ आपोआप सरळ! हात लावायच्या आधी दर वेळी "लावू का?" विचारायच्या. माझ्या मते शिक्षकाची लायकी इथं कळते.

फी भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून वर्ग बघा. "हे आसन तुम्ही करू नका" असं कुणाला तरी सांगतात का? सगळ्यांना सूर्यनमस्कार एकाच मोजणीत घालायला लावतात का? "मला हे जमलं नाही तर?" असं विचारा. "सवयीनं जमेल" एवढंच उत्तर आलं तर उठून या. शिक्षक स्वतः किती वाकतो, हे बघू नका.

मात्र पाय बधिर पडला, पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर क्लास शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.