सोलापूरच्या जुन्या पेठांत उंच इमारती होऊ द्याव्यात, की गावपण जपावं?

होऊ द्या, पण आधी पाण्याचं बोला. २०११ लाच साडेनऊ लाखांवर गेलेल्या या शहरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं. वर सात मजले चढवले तर टँकरच मोजत बसाल.

पूर्व भागाची गोष्ट वेगळी. तिथे घर म्हणजेच कारखाना: खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड, ओट्यावर विड्या वळणाऱ्या बायका. दाटी आधीपासूनच आहे, फक्त आडवी. त्या विणकराला पाचव्या मजल्यावर फ्लॅट दिलात तर माग कुठे ठेवणार? कुंभारीच्या रे नगरात २०२४ मध्ये कामगारांना १५,००० घरं मिळाली, उत्तमच झालं, पण गावाबाहेर; पेठेत यायचं तर गाडीभाडं आलंच.

गावपणासाठी दोनच अटी घाला: सिद्धेश्वर यात्रेत मिरवणाऱ्या उंच नंदीध्वजांचा मार्ग मोकळा आणि तळमजल्यावर मागाला परवानगी. जुने वाडे? मालकांनाच नकोत, तर कुणासाठी जपायचे!