बी.एस्सी. गणित, पुढे ग्रंथालयशास्त्र?

प्रश्न: मुलगी गणितात ७४ टक्क्यांनी बी.एस्सी. झाली. तिला बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी करायची आहे. एवढे शिकून पुस्तकांवर शिक्केच मारायचे का? आम्ही बी.एड.चा अर्ज भरून टाकला आहे. तिला समजवा. – एक वडील, सांगली

उत्तर: पदवीधर मुलीचा अर्ज तुम्ही भरून टाकलात, याची मला तिच्या विषयापेक्षा जास्त काळजी वाटते. तिला हेच का शिकायचे आहे, ते पत्रात कुठेच नाही. विचारले नसेल तर आजच विचारा. नातेवाइकांना काय सांगायचे ही अडचण तुमची आहे, तिची नाही. धाकाने बी.एड. केलेली मुलगी वर्गात नाइलाजाने उभी राहील आणि नुकसान समोरच्या मुलांचे होईल.

राहिले शिक्के. भारतात या शास्त्राचा पाया घातला तो गणिताच्याच एका प्राध्यापकाने. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला कंटाळून तेही शिकवायला परत निघाले होते. पुढे लंडनला शिकताना तिथल्या दुकानात मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचे सुटे भाग पाहून त्यांना वाट सापडली: विषयांची तयार यादी करण्यापेक्षा विषयाचे घटक सुटे करायचे आणि ठरलेल्या क्रमाने जोडायचे. ‘फुप्फुसाच्या क्षयावरील क्ष-किरण उपचारांचे १९५० च्या दशकात भारतात झालेले संशोधन’ हा विषय त्यांच्या कोलन वर्गीकरण (१९३३) या पुस्तके विषयवार लावण्याच्या पद्धतीत अवयव, रोग, उपचार, साधन, संशोधन, देश, काळ असा मांडला जातो. क्रम चुकला की पुस्तक भलत्याच कपाटात जाते. वाचकापुरते ते हरवलेच. यात गणित वाया जात नाही, रोज कामाला येते.

मार्ग सरळ आहे: बी.लिब. एक वर्ष, एम.लिब. एक वर्ष, महाविद्यालयीन ग्रंथपाल व्हायचे तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. मात्र अनुदानित जागा लवकर भरल्या जात नाहीत आणि गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतले वेतन तुटपुंजे असते. हे तिला स्पष्ट सांगा. म्हणून तिने बी.लिब.च्या वर्षातच कोहा ही ग्रंथालयाच्या कामाची मोफत संगणकप्रणाली हाताखालून घालावी.

प्रवेशाआधी घरातल्या वीस पुस्तकांच्या नोंदी तिला ‘मार्क २१’ या ग्रंथालयांच्या नोंदपद्धतीने कागदावर करू द्या. यात प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो: १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय. चुका बहुधा ६५० मध्ये होतात. एकदा ‘शेती’, एकदा ‘कृषी’ लिहिले की एकाच विषयाची पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात. या कामाला ती विटली तर फेरविचार तिने करावा. रमली तर बी.एड.चा अर्ज तुम्ही मागे घ्या.