पॅसिव्ह पाठ करू नकोस, रोज बोल

इंग्रजी व्याकरणाचा क्लास लावण्याआधी एक कर. सीबीएस बसस्थानकावर बसची वाट बघताना समोर जे दिसतं त्याची रोज पाच इंग्रजी वाक्यं तोंडाने बनव. पॅसिव्हला, म्हणजे ज्याच्यावर क्रिया होते त्याच्यापासून सुरू होणाऱ्या वाक्याला, आपण का अडखळतो माहितेय? ‘लासलगावला कांद्याचा लिलाव होतो’ असं आपण सहज म्हणतो. करणारा कोण, हा प्रश्नच येत नाही. इंग्रजीत तिथे ‘ओनियन्स आर ऑक्शन्ड’ लागतं आणि आपला ‘आर’ गळतो. माझा दोन वर्षं गळत होता! कालची गोष्ट असेल तर ‘वेअर ऑक्शन्ड’, उद्याची असेल तर ‘विल बी ऑक्शन्ड’. क्रियापदाचं तिसरं रूप तेच राहतं, बदलतं फक्त ‘बी’चं रूप.

जेरंडसाठी (क्रियापदाला ‘आयएनजी’ लावून केलेलं नाम) ही जोडी घोकून ठेव: ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे तो चहा प्यायला थांबला, ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्याने चहा सोडला. केवढा फरक!

पार्टिसिपलमध्ये (क्रियापदापासून बनलेलं विशेषण) कंटाळा आला तर ‘आय ॲम बोअर्ड’ म्हण, ‘बोरिंग’ नको. मोडल्स (मदतीला येणारी क्रियापदं) सोपे आहेत, फक्त ‘कॅन’, ‘मस्ट’नंतर ‘टू’ लावू नकोस. वही मात्र दर रविवारी मला दाखव, चुका लाल पेनाने मी काढून देईन.